विसर्ग सुरू आहे

साताऱ्याच्या मामांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्मार्टफोन घेतला. घेतला म्हणजे पुण्याच्या मुलानं आपला जुना गळ्यात मारला आणि शिकवायचं काम सांगलीच्या भाच्याकडे आलं. मुलांना वेळ नसतो, भाच्यांना नाही म्हणता येत नाही.

पहिल्या दिवशी मी ‘अकाउंट’, ‘अपलोड’, ‘प्रोफाइल’ असं सुरू केलं. मामी भाजी निवडता निवडता झोपल्या. मामा मात्र जागे होते. जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी, तीही नदीची पट्टी वाचून वहीत उतरवायची, त्यामुळे पेंगण्याची सवय नाही. त्यांनी एकच विचारलं, “ह्यात येतंय कुठनं आणि जातंय कुठं?” तेव्हा लक्षात आलं की या माणसाला सोशल मीडिया शिकवायचा तर कृष्णेकाठानंच जायला हवं.

म्हटलं, “मामा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आपला घरचा ग्रुप म्हणजे कराडचा प्रीतिसंगम. तिथं कृष्णा आणि कोयना कशा समोरासमोर येऊन भिडतात? तसे इथं माहेरचे आणि सासरचे. नाव तेवढं प्रीतीचं.”

“साठवण किती?”

“एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात.”

“आणि कोयनेत १०५.२५ टीएमसी,” मामा म्हणाले. त्यांना गाडी रुळावर आल्यासारखं वाटलं.

मग भराभर उरकलं. रोज पहाटे येणारे गुलाब आणि सुविचार म्हणजे पायथा वीजगृह : दोन्ही जनित्रं चालू झाली की २१०० क्युसेक नदीत, त्याला पाऊस लागत नाही. स्टेटस म्हणजे पर्जन्यमापक : चोवीस तासांचं जमलेलं मोजायचं आणि ओतून द्यायचं. इन्स्टाग्राम म्हणजे कालवा, फक्त इथलं आवर्तन कधी संपत नाही. फेसबुकला जरा थांबावं लागलं. तिथं मामांना त्यांच्या साहेबांचा वाढदिवस दिसला आणि खाली चाळीस शुभेच्छा. साहेब जाऊन तीन वर्षं झाली.

“मृतसाठा,” मामा स्वतःच म्हणाले. “कोयनेतबी पाचेक टीएमसी असतोय. दिसतो, धरतात, वापरात येत नाही.”

फॉरवर्ड समजावायची तर गरजच पडली नाही. फॉरवर्ड म्हणजे विसर्ग. कोयनेला सहा वक्र दरवाजे, व्हॉट्सअ‍ॅपला पाच. हे पाच कसे बसवले ते मात्र सांगावं लागलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. माणसं आपल्या शेजारची, मंगळवेढ्याकडची. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं जाहीर केलं. पुढं २०२० साली, खूप फिरून आलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी. थोडक्यात, पूर येऊन गेल्यावर दरवाजे बसवले.

मामा गप्प झाले. मग म्हणाले, “आपल्याकडंबी झालं की तसलं. जतला.”

झालं. सप्टेंबर २०२२, जत तालुक्यातलं लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीतून देवदर्शनाला निघालेले. त्यांनी एका पोराला रस्ता विचारला. गावानं त्यांना टोळी ठरवून काठ्या-पट्ट्यांनी मारलं. जीव वाचले, एवढंच. जतला कृष्णेचं पाणी उपसून न्यायचं म्हणून किती सरकारं आली नि गेली, किती पंप बसले, आणि कित्येक गावं अजून वाटच बघतायत. अफवेला पंप लागला नाही. ती शेवटच्या गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पूर्ण दाबानं पोचली.

फुगवटा हा भाग मामांना सगळ्यात आवडला. त्यांनी सोमवारी गुडघेदुखीचा एक काढा ग्रुपवर सोडला होता. गुरुवारी तोच काढा बेळगावच्या मावशीकडून त्यांच्याकडे उलटा आला, वर ‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’ एवढी भर घालून. मामांनी तो करून प्यायला. स्वतः पाठवला तेव्हा प्यायला नव्हता. (खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं सांगलीत पूर चढतो का, या प्रश्नावर २०१९ च्या महापुरानंतरच्या समितीनं नाही म्हटलं आणि सांगलीकरांनी समितीला नाही म्हटलं. आमच्याकडं दूधवाल्यालाही अलमट्टीच्या ५१९.६० आणि ५२४.२५६ मीटर या पातळ्यांतला फरक तोंडपाठ असतो.)

“दरवाजं बंद करायची काय सोय हाय का न्हाई?” मामांनी विचारलं.

आहे. कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव. तीनेक हजार वस्तीचं गाव. ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, मग दीड तास मोबाइल बंद, टीव्ही बंद. पोरं पुस्तकं काढतात, मोठी माणसं नाइलाजानं एकमेकांशी बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मामांना यातलं नवल मला वाटलं त्याहून वेगळंच वाटलं. धरणावर भोंगा दरवाजे उघडायच्या आधी वाजतो, नदीकाठच्यांनी हलावं म्हणून. इथं बंद करायला वाजतो. “उलटं हाय, पण बराबर हाय,” म्हणाले.

निघताना मी त्यांना कडक सूचना दिली : काहीही पुढे सोडायच्या आधी नीट बघायचं. मामा जवळजवळ दुखावले. म्हणाले, “मला शिकवतूस? तारीख न्हाई, वेळ न्हाई, त्याला आम्ही रीडिंगच म्हणत न्हाई. साहेब वही तोंडावर फेकायचे.”

ऐकून मी निर्धास्त सांगलीला आलो.

जुलैत एका रात्री साडेदहाला ग्रुपवर मामांचा मेसेज आला : कोयनेतून विसर्ग वाढवला, नदीकाठच्या नागरिकांनी तातडीनं स्थलांतर करावं. दुसऱ्या कुणाचा असता तर हसून सोडला असता. पण हा पट्टी वाचणारा माणूस! आमचं घर गावभागात. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला चार दिवस कृष्णेकडं राहायला होता. तेव्हापासून घरात कुणी ‘विसर्ग’ म्हटलं की आई आधी लोणच्याची बरणी उचलते. रात्री एकपर्यंत चौघांनी मिळून फ्रीज जेवणाच्या टेबलावर चढवला, गाद्या माळ्यावर, गॅसची टाकी जिन्यात. टेबलाचा एक पाय गेला. माझी कंबरही.

पहाटे उजाडल्याबरोबर आयर्विन पुलावर गेलो. इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस. पाणी कुठं होतं? अठरा फुटांवर. घाटाच्या खालच्या पायरीवर एक बाई निवांत सतरंजी धूत होती. पुलावरच उभा राहून मेसेज पुन्हा वाचला. तारीख नव्हती, वेळ नव्हती. वर बारीक अक्षरात ‘अनेकदा पुढे पाठवलेला’ असं मात्र होतं.

तिथूनच फोन लावला. “मामा, ह्याच्यावर तारीख कुठाय?”

पलीकडं क्षणभर शांतता. मग मामा अगदी ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाले, “वरनं आलं, खाली सोडलं.”