चिंगीला गणितात 'एक' मिळाला

म्युनिक, रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,


आई, काल फोनवर चिंगीनं "आज्जी, मला गणितात एक मिळाला" म्हटलं आणि तू "अगो बाई!" म्हणून जी गप्प झालीस ती झालीसच. मागून बाबांचा आवाज आला, "किती पैकी?" तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपली. नंतर दादानं कळवलं की रात्री तुम्ही दोघं धड जेवला नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला बसले. आज रविवार आहे. रविवारी व्हॅक्यूम लावला तर खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून येतात, म्हणजे झाडलोट बंद. कुकर मात्र लावलाय. तिसऱ्या शिट्टीला उठेन.

बाबा, नीट ऐका. इथं एक म्हणजे सर्वांत उत्तम आणि सहा म्हणजे रसातळ. पास व्हायला चार लागतो. तुम्ही जन्मभर शंभरातले मार्क कापलेत, त्यामुळे हा हिशेब पचायला जड जाईल. गोट्यामामा इथं शिकला असता तर दरवर्षी सहा-सहा आणून अख्ख्या जुनी इंदुरात मिरवला असता.

आता एक विनंती. दोन विषयांत पाच आला तर बहुतेक तेच वर्ष पुन्हा काढावं लागतं. त्याला जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'बसून राहणं'. आणि तुम्ही रोज सकाळी व्हॉट्सॲपवर विचारता, "चिंगी अभ्यासाला बसून राहिली का?" पोर घाबरते हो! तसं विचारू नका. आपली इंदुरी मराठी पुण्याच्या काकूला खटकते हे माहीत होतं, पण ती जर्मनीत नापास करेल असं वाटलं नव्हतं.

आई, राष्ट्रपतींच्या पत्राचं काय सांगितलंस गल्लीत? काकूचा मेसेज आला, "चिंगीला जर्मनीच्या राष्ट्रपतींनी बोलावलं म्हणे!" अगं, शाळेत खेळांचा दिवस असतो. धावणं, लांब उडी, चेंडूफेक यांत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना मानाचं प्रमाणपत्र देतात आणि त्यावर राष्ट्रपतींची छापील सही असते. देशभरातल्या हजारो पोरांकडे तो कागद आहे. शनी मंदिरात जी भेटेल तिला हेही सांग. निदान 'छापील' एवढं तरी सांग.

(वरणाला फोडणी देऊन आले.)

पार्सल पोचलं. लवंगी शेवेचा चुरा झालाय, पण वास शाबूत आहे. त्याहून मोठा खाऊ म्हणजे तिच्याभोवती गुंडाळलेला मे महिन्यातला 'नईदुनिया'. तेलकट पानावर बोर्डाचा निकाल, ओळीनं मुलांचे फोटो आणि प्रत्येकाखाली टक्के. एका मुलीच्या कपाळावर नेमका शेवेचा डाग पडलाय, कुंकवाचा टिळा लावावा तसा. मी इस्त्री फिरवून सगळं पान वाचलं. शेजारची पिंकी तिच्या सरकारी शाळेत बारावीत पहिली आली आणि तिला आता सरकारकडून स्कूटी मिळणार, ही बातमी उत्तम. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेलीच आहे, तर लॅपटॉपचे 25,000 रुपयेही मिळतील. मात्र तिच्या आईला म्हणावं, स्कूटीवरून सराफ्यात रात्री अकराला खायला जायची परवानगी सरकार देत नाही, ती आईनंच द्यायची असते.

इथं असलं काही नाही. चिंगीच्या वर्गात पेपर घडी घालून ज्याचा त्याच्या हातात देतात. फळ्यावर वर्गाची सरासरी लिहिली की संपलं. पहिला कोण? कुणालाच माहीत नाही. मी शेवटी तुमचीच मुलगी. शाळेच्या फाटकाशी एका आईला सहज विचारलं, "तुमच्या मुलाला किती?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या नवऱ्याचा पगार विचारला.

आता मुख्य दुखणं. गुरुपौर्णिमेला तुमचे जुने विद्यार्थी तुमचा सत्कार करणार, हे वाचून मी त्याच रात्री तिकिटं बघायला घेतली. पण इथल्या उन्हाळी सुट्ट्या ऑगस्टच्या तोंडावर सुरू होतात आणि गुरुपौर्णिमा शाळा सुटायच्या दोनच दिवस आधी येतेय. दोन दिवस! आपल्याकडे दोन दिवसांसाठी 'घरी कार्य आहे' अशी चिठ्ठी पुरते. इथं शाळेत हजर राहणं हा कायदा आहे. परवानगीशिवाय शाळा बुडवली तर आईबापांना हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. सुट्टीच्या आदल्या दिवसांत बव्हेरियाच्या विमानतळांवर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या कुटुंबांना अडवून विचारपूस केल्याचेही दाखले आहेत. मी रीतसर अर्ज केला, कारण लिहिलं: 'आजोबांचा सत्कार'. उत्तर आलं, 'अभिनंदन. नाही.'

बरं, सुट्टी लागल्यावर निघावं, तर जे तिकीट बुधवारी साडेसहाशे युरोला तेच शनिवारी साडेतेराशेला. माणसं तीन. तुमचे जावई आकडा बघून दहा मिनिटं बाल्कनीत उभे राहिले, मग आत येऊन म्हणाले, "चालत गेलो तर?"

त्यामुळे आम्ही येणार ते नेहमीसारखं ऑगस्टच्या पावसातच. चिंगीला वाटतं इंदुरात बारा महिने पाऊस असतो आणि लोक बारा महिने भुट्ट्याचा कीस खातात. तिनं अजून थंडीतला गराडू पाहिलेला नाही. हे पाप मी कुठं फेडू?

आणि हो, तिला चित्रकलेत तीन आलाय. बाबा, तुम्ही तिला फोनवर देवळालीकर मास्तरांची गोष्ट पुन्हा सांगा. 1927 साली त्यांनी इंदुरात चित्रकलेची शाळा काढली, बेंद्रे आणि हुसेन तिथंच घडले, हुसेन पंढरपूरचा असला तरी शिकला आपल्याकडे, वगैरे. मला पाठ आहे, तिला नवीन आहे.

एक सांगू? त्या शेवेच्या कागदावरून बोट फिरवताना मला माझा दहावीचा निकाल आठवला. तुम्ही पहाटे स्टेशनवर जाऊन पेपर आणला होता. आपल्या ओट्यावर अर्धी गल्ली उभी. तुम्ही लाकडी फूटपट्टी एकेका नंबराखाली सरकवत होतात आणि माझा नंबर सापडल्यावरही पट्टी उचललीच नाही. ओळ सुटेल अशी भीती वाटली, असं नंतर म्हणालात. आईनं पेढे वाटले, त्याच वर्षी तिसऱ्यांदा आपटलेल्या गोट्यामामालाही दोन दिले.

चिंगीचा 'एक' आला तेव्हा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी पेपरवर सही केली, कारण पालकांची सही लागते. दुसऱ्या दिवशी तिनं तो शाळेत परत दिला. कागदसुद्धा घरी राहिला नाही. पेढे करायला खवा मिळाला असता, पण जिन्यात कुणाची बेल वाजवू, ते कळेना.

तेव्हा एवढं करा. गुरुपौर्णिमेला सत्काराचे पेढे येतील, त्यात आणखी दोन किलो घाला, पैसे मी पाठवते. अर्धे पिंकीच्या नावानं वाटा, अर्धे चिंगीच्या. आणि बाबा, कुणी विचारलं तर 'एक मिळाला' म्हणू नका, 'पहिली आली' म्हणा.

तुमची,
बेबी

ता. क. पुढचं पार्सलही 'नईदुनिया'तच गुंडाळा, आणि पान निकालाचंच निवडा.