सुमार गेमचे मूल्यमापन

सुमार व्हिडिओ गेमची समीक्षा तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा घोषणेचा. उदाहरणार्थ, सप्टेंबर 2020 मध्ये भारतात पब्जी या गेमवर बंदी आली आणि लगोलग ‘फौजी’ हा देशी गेम जाहीर झाला. न पाहिलेल्या गेमची स्तुती सर्वांत मनमोकळी असते. दुसरा टप्पा प्रकाशनाचा. 26 जानेवारी 2021 रोजी गेम आला, आणि देशप्रेमापोटी पाच-पाच तारे पडले. तिसरा टप्पा खेळून पाहण्याचा. गलवान खोऱ्यात बंदुकीविना हाणामारी, शेकोटीपाशी बसताच भरणाऱ्या जखमा, आणि तेव्हा सोबत खेळायला मित्र नव्हते. तारे घसरत तीनच्या आसपास आले. गल्लीतल्या पोट्ट्यांना एवढी समीक्षाही लागत नाही. गेम रटाळ निघाला की ते तो मोबाइलमधून काढून टाकतात. तिरंगा लावल्याने गेम सुधारत नाही.