अर्धवट विणकामाची शास्त्रोक्त पद्धत

विणकामाची पुस्तकं स्वेटर पूर्ण कसा करावा ते सांगतात. हे ज्ञान एकांगी आहे. पूर्ण झालेला स्वेटर कुणाला तरी घालावा लागतो, आणि आमच्या डोंबिवलीत त्यासाठी लागणारी थंडी वर्षातून जेमतेम आठवडाभर येते, तीही पहाटे. अर्धवट स्वेटरला मात्र ऋतूचं बंधन नाही. तो मे महिन्यातही मांडीवर घेऊन बसता येतं आणि "सध्या काय चाललंय?" असं कुणी विचारलं की नुसता उचलून दाखवता येतो. तीन वर्षांचा अनुभव आणि या घडीला घरात पडलेली चार कामं यांच्या आधारे पुढील मार्गदर्शन केलं आहे. इच्छुकांनी पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पायरी १: सुईचा नंबर

आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची ४ मिलिमीटर, दहाची ३.२५. अमेरिकी मापात नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड; तिकडची आठ नंबरची ५ मिलिमीटर भरते. ही माहिती सुरुवातीला करून घेऊ नये. अमेरिकी नमुना उतरवून घ्यावा, मावशीच्या बिस्किटाच्या डब्यातली आठ नंबरची जोडी काढावी आणि देवाचं नाव घेऊन टाके घालावेत. माझी पहिली कानटोपी अशीच झाली. ती नारळाला व्यवस्थित बसते. सोललेल्या. शेंड्यावरचे टाके मी अजून बंद केलेले नाहीत, न जाणो नारळ वाढला तर.

पायरी २: टाके मोजू नयेत

४० टाके घालून मफलर सुरू करावा. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे डोक्याला ताप नाही. नवशिक्याचे टाके आपोआप वाढतात. ओळ सुरू करताना दोरा सुईखालून मागे नेण्याऐवजी सुईवरून मागे ओढला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात. एकाचे दोन दिसतात, आणि आपण दोन्ही इमानाने विणतो. वीतभर विणून झालं तेव्हा माझे ४७ टाके झाले होते, हातभर झालं तेव्हा ६१.

सकाळच्या लोकलमध्ये समोर बसणाऱ्या काकू बरेच दिवस पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय गं हे?"

"मफलर."

"मग वर वर रुंद का होत चाललाय?"

"शाल आहे, काकू. त्रिकोणी."

काकू मटार सोलायला लागल्या. नियम लक्षात ठेवावा: चूक एका ओळीत झाली तर ती चूक, प्रत्येक ओळीत झाली की डिझाइन.

पायरी ३: नमुन्याचा चौकोन विणू नये

जाणकार सांगतात, आधी चार इंची चौकोन विणा, इंचाला किती टाके पडतात ते मोजा, मग स्वेटरचा हिशोब करा. यात एक संध्याकाळ फुकट जाते. मी ती वाचवली. नवऱ्याच्या स्वेटरचा घेर ४० इंच, म्हणजे पाठ २० इंच. नमुन्यात इंचाला ६ टाके, म्हणून १२० टाके घातले. माझा हात सैल, इंचाला ५ पडत होते. एका टाक्याने असं काय होतंय? १२० भागिले ५ म्हणजे २४ इंच पाठ, तेवढाच पुढा, एकूण घेर ४८.

दोन्ही भाग टाचून त्याच्या अंगावर चढवले. तो आरशात बघत म्हणाला, "छान झालाय. आणखी कोण येणार आहे यात?"

बाह्या राहिल्या आहेत. पण खांदेच कोपराच्या दिशेने निघालेले असल्यामुळे त्या लागतील असं वाटत नाही. पुढ्याच्या वरच्या भागाला लोकर कमी पडली, ती दोन महिन्यांनी त्याच दुकानातून, त्याच कंपनीची, त्याच निळ्या रंगाची आणली. उजेडात पाहिलं तर छातीवर आडवी रेघ आहे. खाली एक निळा, वर दुसरा.

पायरी ४: एका वेळी एकच मोजा

मोजे जोडीने असतात हा समज कारखानदारांनी पसरवला असावा. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या गृहस्थांनी १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र काढलं. हातविणकरांच्या पोटावर पाय येईल म्हणून पहिल्या एलिझाबेथ राणीने त्यांना मक्ता नाकारला, असं सांगतात. राणीला दूरदृष्टी होती. यंत्र दुसरा मोजाही विणतं, आणि मग माणसाची पंचाईत होते.

हाताने विणायचा तर टाच वळवावी लागते. ओळ संपवायची नाही. शेवटचे काही टाके सुईवर तसेच सोडून अर्ध्यातून परत फिरायचं, पलीकडेही तेच, मग सोडलेले टाके एकेक करून परत घ्यायचे. मधल्या टाक्यांना ओळी जास्त मिळतात, कडेच्यांना कमी, म्हणून कापडाला खोलगट वाटी येते. कामं अर्धवट सोडण्याला विणकामात मान आहे तो इथे. माझी टाच दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळली. मी डब्याकडे पाहिलं. कुणाला काही कळलं नव्हतं. काकूंनी मात्र मोजा हातात घेतला, टाचेत अंगठा घालून फिरवला आणि म्हणाल्या, "हं."

पायरी ५: उसवणे

ही पायरी शक्य तितकी लांबवावी. मी तीन वर्षं लांबवली. मग एके दिवशी ठाण्याला गर्दी आत घुसली, कुणाच्या तरी पर्सने शालीची सुई ओढली आणि एक टाका निसटून सात ओळी खाली गेला. मागे राहिली ती आडव्या दोऱ्यांची शिडी. पूर्वी असं झालं की मी काम पिशवीत कोंबून नवं सुरू करत असे. माझ्या कामांची संख्या अशीच वाढलेली आहे. या वेळी काकूंनी क्रोशाची सुई पुढे केली. निसटलेला टाका तिच्यावर घेतला, वरचा आडवा दोरा त्यातून ओढला, मग त्याच्या वरचा. कांजूर येईपर्यंत शिडी मिटली. तेव्हा पहिल्यांदा ते विणलेलं नीट पाहिलं, आणि कडेला कुठल्या ओळीत किती टाके वाढले ते दिसायला लागलं.

घरी जाऊन शाल उसवली. हातभर विणलेलं उसवायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. दोरा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवून दांडीवर टाकली. दोऱ्याला पडलेले नागमोडी वळ बरेचसे गेले. मग पुन्हा ४० टाके घातले. आता प्रत्येक ओळीनंतर मोजते. दीड वीत झाली आहे, टाके ४०.

हा मफलर पुरा झाला तर वरील सर्व मार्गदर्शन रद्द समजावं. तोवर चेष्टा बाजूला ठेवून एकच सांगते: लोकर घ्याल तेव्हा सगळे गुंडे एकदमच घ्या आणि एकाच लॉटचे घ्या. लॉटचा नंबर लेबलवर छापलेला असतो, आणि दोन महिन्यांनी तो दुकानात मिळत नाही.