अप्पांची लॉगशीट

आमच्या सोसायटीतल्या अप्पांना ‘कसे आहात?’ असं सहज विचारण्याची सोय नाही. इतर माणसं ‘मजेत’ म्हणतात आणि पुढे जातात. अप्पा थांबतात, डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवतात, सेकंदकाट्याकडे पाहतात, पंधरा सेकंदांतले ठोके चारने गुणतात आणि मग म्हणतात, “७६. आत्ता तरी.”

अप्पांची नोकरी वीज मंडळात, उपकेंद्रावर गेली. तिथे दर तासाला व्होल्टेज, लोड, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान अशी रीडिंग घ्यायची आणि लॉगशीटवर लिहायची. निवृत्तीनंतर ट्रान्सफॉर्मर सुटला, लॉगशीट सुटली नाही. आता दोनशे पानी वहीत वेळ, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन असे रकाने आखलेले असतात. खरं वाङ्मय शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात. ‘रात्री ३.१० : एक ठोका गायब.’ ‘वांग्याचं भरीत. छातीत जळजळ. वांगं की धमनी?’ ‘धाकट्या मेव्हण्याचा फोन. ९८.’

याची सुरुवात हसण्यासारखी नव्हती. त्यांच्याच वयाचा, बरोबर ड्यूटी केलेला एक सहकारी सकाळी दूध आणायला गेला आणि परत आला नाही. महिन्याभरापूर्वीच त्याचा ईसीजी नॉर्मल आला होता. स्मशानातून येताना बाकीचे म्हणाले, “कुणाचं काय सांगता येतं?” आणि घरी जाऊन जेवले. अप्पांनी ते वाक्य मनावर घेतलं. तेव्हापासून शर्टाच्या वरच्या खिशात हृदयाच्या दुखण्यावरची सॉर्बिट्रेटची गोळी, पाकिटात सॉर्बिट्रेट, पूजेच्या कपाटात, चंदनाच्या डबीशेजारी, सॉर्बिट्रेट. सकाळी दुधात उकळलेली अर्जुनसाल, दुपारी लसणाच्या दोन पाकळ्या. डाव्या कुशीवर झोपत नाहीत, कारण त्या कुशीवर ठोके जास्त जाणवतात. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी ते कार्यालयाचं फाटक बघतात : रुग्णवाहिका थेट आत येईल का? कोकणात जायचं निघालं तेव्हा आंब्यांविषयी एक अक्षर न बोलता त्यांनी दोनच प्रश्न विचारले. दापोलीच्या जवळात जवळ अँजिओग्राफी कुठे होते? आणि ताम्हिणी घाटात रेंज असते का? शेवटी काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, बहिणीबरोबर जाऊन आल्या.

तपासण्या सगळ्या झाल्या आहेत, सगळ्या नॉर्मल आहेत, आणि अडचण नेमकी तीच आहे. प्रत्येक रिपोर्टची अप्पांकडे एक मुदत ठरलेली असते. ईसीजी दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत पुरतो. “अहो, ईसीजीच्या कागदावर फक्त १० सेकंदांचं हृदय असतं,” अप्पा म्हणतात, “दिवसाच्या उरलेल्या ८६,३९० सेकंदांची जबाबदारी कुणाची?” टूडी एको आठवडाभर चालतो. ट्रेडमिल टेस्ट पंधरवडाभर, कारण तिथे निदान घाम गाळून नॉर्मल मिळवलेलं असतं. मग डॉक्टरांनी छातीला होल्टर लावला. हे यंत्र चोवीस तास प्रत्येक ठोक्याची नोंद करतं. त्या चोवीस तासांत अप्पांना एकदाही धडधडलं नाही. यंत्र पहाऱ्याला आहे म्हटल्यावर ते वर्षभरात झोपले नव्हते इतके गाढ झोपले. “लाइनमन आला की फॉल्ट गायब,” यंत्र परत करताना ते खिन्नपणे म्हणाले.

गायब होणारा ठोकाही डॉक्टरांनी समजावून सांगितला. ठोका चुकत नाही. एक ठोका वेळेआधी पडतो. त्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं, तेवढ्यात त्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणका देतो. पुष्कळ निरोगी माणसांना हे होतं आणि बहुतेकांना कळतही नाही. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “कळत नाही, मग त्यांना होतं हे तुम्हाला कसं कळतं?” डॉक्टरांनी होल्टरकडे बोट दाखवलं. अप्पांना उत्तर पटलं. ते दहा दिवस टिकलं.

क्रिकेटचं तर विचारू नका. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, सहा गडी शिल्लक होते, आणि सोसायटीतल्या प्रत्येक छातीत ढोल वाजत होता. अप्पांनी बेडरूमचं दार लावून घेतलं आणि पंख्याकडे बघत पडून राहिले. बाहेर आरडाओरडा झाला की आतून प्रश्न यायचा, “आपली विकेट की त्यांची?” ‘त्यांची’ म्हटलं तरी नाडी वाढायची. आनंदाचीही वहीत नोंद करावी लागते. भारत जिंकल्यावर खाली फटाके वाजले. अप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल माहीत असलेली ती मॅच पहिल्या चेंडूपासून पाहिली आणि सूर्यकुमारच्या झेलाला ८० वर समाधान मानलं.

यातली खरी गंमत पर्वतीवर आहे. अप्पा रोज पहाटे पर्वती चढतात. शंभरावर पायऱ्या, तेही न थांबता. थांबलं तर दम लागला असं होईल, आणि दम लागला तर ते लक्षण ठरेल. वर पोचल्यावर तरण्या पोरांना धापा टाकताना बघून ते काळजीने विचारतात, “एको केलाय का?” डॉक्टर त्यांना म्हणाले, “अप्पा, तुमच्या हृदयाइतकी कसून परीक्षा माझ्या एकाही पेशंटची रोज होत नाही.” अप्पा म्हणाले, “म्हणूनच ते थकलं असेल.”

शेवटी डॉक्टरांनी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंच्या नावाने चिठ्ठी दिली. “धडधडतं छातीत आणि पाठवता डोक्याच्या डॉक्टरकडे?” म्हणून अप्पा महिनाभर रुसले. पण गेले. बाईंनी आधी इतिहास सांगितला. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शेकडो सैनिकांना छातीत धडधडायचं, दुखायचं, धाप लागायची. दा कोस्टा नावाच्या डॉक्टरने त्यांच्यावर १८७१ साली निबंध लिहिला. पुष्कळांच्या हृदयात तपासून काही बिघाड सापडत नव्हता, तरी त्रास मात्र खरा होता. आपल्या दुखण्याला दीडशे वर्षांची परंपरा आहे हे ऐकून अप्पा खुर्चीत जरा ताठ बसले. मग बाईंनी कागदावर गोल काढला. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन सुटतं, त्याने नाडी वाढते, वाढलेली नाडी बोटांना लागते, आणि पुन्हा भीती. वीज मंडळाच्या माणसाला सर्किट समजावून सांगावं लागत नाही. “कुठे तोडायचं?” अप्पांनी विचारलं. “मनगटावरून बोटं उचला,” बाई म्हणाल्या. चढावर छाती आवळली, घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर उशीर न करता १०८ लावायचा, हे त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं. बाकी वेळी मोजणं बंद, आणि काकूंना ‘मला काही होणार नाही ना?’ हे विचारणंही बंद. काकूंनाही धीर द्यायची मनाई. त्या कित्येक वर्षं ‘काही होत नाही तुम्हाला’ म्हणत आल्या होत्या. ती गोळीही रिपोर्टसारखीच थोड्या वेळात उतरायची. आता त्यांचं उत्तर ठरलं, “होईल तेव्हा बघू.” हे वाक्य त्यांना शिकवावं लागलं नाही.

पंधरा दिवसांनी अप्पा अभिमानाने नवी वही घेऊन बाईंकडे गेले. रकाने होते : वेळ, नाडी बघावीशी वाटली, बघितली नाही, शेरा. रोजच्या तीस-तीस नोंदी. बाईंनी वही ठेवून घेतली.

वही गेली, मनगट गेलं, हातांना काम उरलं नाही. रक्तदाबाचं यंत्र टेबलावर पडून होतं. काकू म्हणाल्या, “अहो, बारा वर्षं बीपीची गोळी खातेय मी. ते यंत्र एकदा तरी माझ्या दंडाला लावलंत का?” अप्पा ओशाळले, घाईघाईने पट्टा बांधला, श्वास रोखून आकड्याकडे बघत बसले. १२८/८०.

“बरं आहे म्हणजे,” काकू म्हणाल्या.

“हे आत्ताचं झालं. संध्याकाळी पुन्हा एकदा—”

“संध्याकाळी मी भजनाला जातेय,” काकूंनी पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला. “तुम्ही तेवढे मटार सोलून ठेवा. आणि मोजू नका.”