अप्लाइडवाला

ज्या घरात कुणी अप्लाइड आर्टला आहे, त्या घरातली माणसं हॉटेलात नेहमी उशिरा जेवतात. मेनूकार्ड आधी त्याच्या हातात पडतं. वेटर पाण्याचे ग्लास ठेवून जातो, शेजारच्या टेबलाचं बिल करून परत येतो, तरी हा पहिल्याच पानावर. आपल्याला वाटतं, पनीर की कोल्हापुरी असा पेच पडला असेल. तसं काही नसतं. 'पनीर'चा फॉन्ट वेगळा, 'कोल्हापुरी'चा वेगळा आणि किमतीपर्यंत जाणाऱ्या टिंबांच्या रांगा एका रेषेत संपत नाहीत, म्हणून तो हळहळत असतो. 'काय मागवू?' विचारलं की म्हणतो, 'काहीही.' पदार्थ त्याने वाचलेलेच नसतात. हा माणूस अक्षरं बघतो, वाचत नाही.

लक्षणं शाळेतच दिसू लागतात. फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहितो. सुविचार कुणाचा, हे त्याला विचारू नये. खडू कसा तिरपा धरला की रेघ जाड होत होत बारीक होते, हे मात्र तो अर्धा तास सांगेल. एलिमेंटरीला ए ग्रेड, इंटरमिजिएटलाही ए. या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे तोवर घरात त्याचं कौतुक असतं. मग बारावीनंतर तो खरोखरच सीईटी देतो, आणि कौतुकाची जागा काळजी घेते.

बाहेर सांगताना वडीलधारी मंडळी 'कमर्शियल करतोय' असंच सांगतात. त्यांचंही चूक नाही. जे. जे.मध्ये १९३५ साली हा विभाग सुरू झाला तो कमर्शियल आर्ट याच नावाने. १९६१ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली, तेव्हा अप्लाइड आर्ट आलं. आमच्या थोरल्या भावापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

आमच्याकडचा नमुना म्हणजे याच भावाचा मुलगा, माझा पुतण्या. त्याच्या मित्रमैत्रिणींना पाहिल्यावर मात्र खात्री पटते, की हा एकटाच तसा नाही. सगळ्यांचे टी-शर्ट काळे. सगळ्यांच्या खांद्याला शीटची नळकांडी, आणि लोकलच्या गर्दीत ती कुणाच्या ना कुणाच्या बरगडीत. बोटांना शाई. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळे कुणा एकाच्या घरी जमतात आणि पहाटे चारला त्या घरातला चहा संपतो.

पहिल्या वर्षी त्यांना म्हणे हाताने अक्षरं काढायला लावतात. एका इंग्रजी 'एस'वर पुतण्याचा अख्खा आठवडा गेला. त्याच्या वडिलांनी तो 'एस' उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, 'फी किती आहे रे यांची?' पण त्या वर्षात तो काही गोष्टी शिकला, हे मान्य करायला हवं. गोल अक्षर शेजारच्या चौकोनी अक्षराइतक्याच उंचीचं काढलं तर ते डोळ्याला लहान दिसतं, म्हणून ते रेषेच्या किंचित बाहेर काढायचं. तसंच कागदाचा खरा मध्य आणि डोळ्याला वाटणारा मध्य वेगळे. डोळ्याचा मध्य थोडा वर असतो. ज्ञान इथवर होतं तोवर ठीक होतं. त्याने ते बैठकीच्या खोलीत वापरलं. आजोबांचा फोटो आता ऑप्टिकल सेंटरला आहे आणि हार घालायला स्टूल लागतं.

मोकळ्या जागेचं वेडही याच काळात लागतं. पुढे ते बरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. त्याने केलेलं पहिलं मासिकाचं पान मी पाहिलं आहे. वरचं तीन चतुर्थांश पान कोरं, खाली उजवीकडे कोपऱ्यात फिकट राखाडी कागदावर जरा गडद राखाडी रंगात मुंगीएवढी अक्षरं. तो आजीला दाखवायला घेऊन गेला. आजीने चष्मा पुसला, पान खिडकीशी नेलं आणि म्हणाली, 'छान आहे हो. लिहायला कधी घेणार?'

तो चिडला नाही. चिडण्याचं वय दुसऱ्या वर्षी येतं, फॉन्टचा द्वेष करायला शिकल्यावर. पहिला बळी अर्थात कॉमिक सॅन्स. हा फॉन्ट १९९४ साली मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कॉनेअर यांनी केला तो कार्टूनमधल्या कुत्र्याच्या तोंडच्या फुग्यासाठी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो पाण्याच्या टाकीच्या नोटिशीसाठी वापरला. पुतण्या त्या नोटिशीसमोर बराच वेळ डोकं हलवत उभा राहिला आणि पाणी दोन दिवस येणार नाही ही बातमी काही त्याने घरी आणली नाही.

कॉमिक सॅन्सनंतर पाळी मंगलची. सरकारी अर्ज मंगलमध्ये, पतसंस्थेचं पत्र मंगलमध्ये, वडिलांच्या ऑफिसचं परिपत्रक मंगलमध्ये. 'याच्याइतका निर्जीव फॉन्ट नाही,' असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. दुसरीकडे त्याच्या टेबलासमोर र. कृ. जोशींचा फोटो. सुलेखनकार, कवी, आयआयटीच्या आयडीसीत शिकवलेले मोठे गुरू. या मुलांचं ते दैवतच. आणि एके दिवशी वर्गात कळलं, की विंडोज २००० मधून घराघरांत पोचलेला मंगल र. कृ. जोशींनीच केलेला आहे. त्या संध्याकाळी पुतण्या जेवला नाही. दुसऱ्या दिवशीपासून मंगल हा 'त्या काळच्या पडद्यांचा विचार केला तर अतिशय संयमित' फॉन्ट झाला.

देवनागरी हाती येते, तेव्हा खरी गंमत सुरू होते. इंग्रजीची लहानमोठी मिळून बावन्न अक्षरं. आपल्याकडे जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, रफार धरले तर एका फॉन्टला शेकड्यांनी आकार काढावे लागतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांच्यासाठी 'र' दोन वेगळ्या रूपांनी जोडायची सोय करावी लागते. नाही केली तर सह्याद्रीत समुद्र येतो. हे सगळं शिशाच्या खिळ्यांत बसवणाऱ्या जुन्या लोकांबद्दल पुतण्याला आता अपार प्रेम आहे. बापूराव नाईकांचे 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी'चे जाडजूड खंड तो वाचनालयात जाऊन बघतो. जावजी दादाजींबद्दल तर तो असं बोलतो, जणू ते आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहतात. लहानपणी मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागलेला मुलगा १८६९ साली निर्णयसागर काढतो, हे सांगताना त्याचा आवाज कापरा होतो. दुर्दैवाने आजीची जुनी पोथी निर्णयसागरची निघाली. तेव्हापासून ती त्याच्या टेबलावर असते आणि आजीला रोजच्या अध्यायासाठी ती त्याच्याकडून मागून घ्यावी लागते. 'पानावर कुंकू सांडू नकोस,' असं तो तिला बजावतो. सत्तर वर्षं तीच सांडते आहे.

वडिलांना यातलं कशाचंच नवल नाही. पुतण्याने एकदा कमल शेडगे यांच्या अक्षरांवर घरात व्याख्यान दिलं: नाटकाचं नाव त्या नाटकाच्या स्वभावासारखं कसं दिसतं, जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच शोकांतिका की फार्स हे कसं कळतं, वगैरे. वडील म्हणाले, 'हे बघायला कॉलेजात जावं लागतं? आम्हाला रोज पेपरात यायचं. पंधरा पैशांत.' ते तोंडावर पेपर धरून बसले खरे. पण 'मत्स्यगंधा'ची अक्षरं कशी होती ते मग त्यांनी हवेत बोट फिरवून दाखवलं, आणि अचूक दाखवलं, असं पुतण्या म्हणतो.

आजीचं आणि त्याचं मात्र एका मुद्द्यावर जमलं. आजीला नवा फोन दिला तेव्हा पहिल्याच दिवशी ती म्हणाली, 'यातला ल आपला नाही.' घरात कुणाला काही कळेना. पुतण्या उडालाच. हिंदी वळणाचा ल आणि आपला पाकळीचा ल यांना संगणकाच्या लेखी नंबर एकच आहे, दिसायचं कसं हे फॉन्ट ठरवतो. महाराष्ट्र सरकारने २००९ च्या शासननिर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे, पण फोन कुठे शासननिर्णय वाचतो, असं बरंच काही तो तळमळून सांगत होता. आजीने सगळं ऐकून घेतलं. 'मग बदलून दे,' म्हणाली. फोनचा ल त्याला बदलता येईना. इतकी वर्षं शिकून याला एक ल आणता येत नाही, असं तिने खालच्या मजल्यावर सांगितलं.

हे सारं घरातल्या घरात चाललं होतं, तोवर निभावलं. पुतणीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम याच्याकडे आलं. घरचाच आर्टिस्ट, बाहेर कशाला पैसे घालवायचे, हा ठराव एकमताने. अशा मुलांना आयुष्यात जे पहिलं काम मिळतं, ते याच ठरावाने मिळतं. मसाल्याच्या पुडीचा लोगो, काकूंच्या क्लासचं पत्रक, गणेशमंडळाची पावती, सगळं 'दोन मिनिटांचं काम आहे रे' या दराने.

पहिली पत्रिका आली ती पिठूर रंगाच्या कागदावर. डाव्या कडेला धरून वधूवरांची नुसती नावं. बाकी शांतता. घरच्या ग्रुपवर ती पडताच रात्री अकरापर्यंत फोन थांबले नाहीत. गणपती कुठे आहे? कुलस्वामिनी प्रसन्न कुठे गेलं? चि. सौ. कां. का काढलं, काय अडत होतं? आजोळच्या मंडळींची नावं नकोत का? धाकट्या आत्याने तर सरळ विचारलं, 'एवढी जागा रिकामी आहे आणि आमच्या ह्यांच्या नावाला जागा नाही?' 'ती रिकामी नाहीये आत्या, ती श्वास घेते आहे,' असं पुतण्या म्हणाला. आत्या वर्षभर त्याच्याशी बोलली नाही.

मग पाहुणे एकेक करून त्या मोकळ्या जागेत राहायला आले. निमंत्रक, प्रेषक, कार्यवाहक, समस्त परिवार, कैलासवासी आजोबा, 'माझ्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दोन पोरं. दर नावागणिक पुतण्याचा ग्रिड मोडत होता आणि तो रात्री जागून पुन्हा बांधत होता. मी त्याला पॉइंटच्या दशांशात नावं सरकवताना पाहिलं आहे. अखेर सगळे बसले. अक्षरांतलं अंतर, ओळींतलं अंतर, समास, सगळं निर्दोष. घरात प्रत दाखवली तेव्हा मोठे काका बराच वेळ पत्रिका निरखत होते. मग म्हणाले, 'सगळं झकास आहे. पण हे लोरेम इप्सम मंगल कार्यालय कुठे आलं? वसईकडे का?'

डिझाइन करताना मजकूर हाती नसेल, तर जागा भरायला हे लोक एक मोडकंतोडकं लॅटिन वापरतात. मूळ सिसरोच्या ग्रंथातलं, इसवी सनापूर्वी ४५ सालचं; १९६०च्या दशकात लेट्रासेटच्या शीटवरून ते जगभर पसरलं. ते पत्त्याच्या जागी तसंच राहिलं होतं. दहा दिवस रोज त्याच्या नजरेसमोर होतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्याच्या डोळ्यांतून सुटला नव्हता आणि कार्यालय सुटलं होतं. मुहूर्ताची वेळही चुकली होती, पण तिथे आकडे फार सुंदर जुळले होते.

पत्रिका नाक्यावरच्या डीटीपीवाल्याकडे गेली. पुतण्याला मीच बरोबर नेलं, म्हटलं बघू तरी दे. डीटीपीवाल्याने कोरल ड्रॉ उघडलं, श्रीलिपी लावली, कीबोर्डकडे न बघता एकच प्रश्न विचारला: 'मुलाकडचे की मुलीकडचे?' त्या उत्तरावर सगळी पत्रिका ठरते, हे आम्हाला तिथे कळलं. कुणाचं नाव आधी, कुणाच्या आजोबांना ठळक अक्षर, आहेर नकोची ओळ कुठे. त्याच्या हाताला सगळं पाठ. वीस मिनिटांत गणपतीसकट पत्रिका तयार. मधल्या वेळात त्याने एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही हातावेगळा केला. मध्ये भाऊ, वर साहेब, त्याहून वर मोठे साहेब, खाली कार्यकर्त्यांचे चेहरे. 'या दोघांची डोकी एकाच मापाची लागतात,' तो सहज म्हणाला. 'एक बोटभर लहान झालं तर फ्लेक्स सकाळपर्यंत राहत नाही.' पुतण्या खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला आणि वही काढली. ज्याला कॉलेजात हायरार्की म्हणतात आणि ज्यावर स्विस लोकांची पुस्तकं वाचायला देतात, ती इथे पोटापाण्याची गोष्ट होती. पुढच्या सबमिशनला त्याने हाच विषय घेतला, आणि डीटीपीवाल्याच्या पत्रिकेत त्याच्या परवानगीने एकच बदल केला: ल आपला घातला. आजीने पत्रिका हातात घेतल्याबरोबर ओळखलं.

तुमच्याही नात्यात असा कुणी असेल आणि घरात कार्य निघालं असेल, तर पत्रिका त्याच्याकडूनच करून घ्या. फक्त नावांची यादी आधी आत्याकडून मंजूर करून घ्या, मुहूर्त आणि पत्ता स्वतः तीनदा वाचा, आणि काम झालं की त्याचे पैसे द्या. डीटीपीवाल्याला देताच ना?