लपणारा कॅमेरा, न लपणारा माणूस

रात्री रस्त्यावरचे फोटो काढायचेत, तेही कुणाला कळू न देता. कॅमेरा कोणता? जाणकार रिको जीआर ३ सुचवतात: बॅटरीसकट २५७ ग्रॅम, शटरचा आवाज जवळजवळ नाहीच. लेन्स मात्र एफ २.८. फुजीच्या एक्स१०० मालिकेची एफ २, म्हणजे दुप्पट उजेड घेणारी. पण तो कॅमेरा मावायला कोटाचा खिसा लागतो, आणि देवळाली प्रवरासारख्या गावात कोट फक्त नवरदेव घालतो.

एवढा अभ्यास करून तिन्हीसांजेला टपरीपाशी उभं राहावं. कॅमेरा कुणालाच दिसत नाही. तुम्ही सगळ्यांना दिसता. ‘पाव्हणं कुणाकडचं?’ पासून मामाच्या गावापर्यंत चौकशी होते. मग कुणीतरी टोपी सरळ करतो, चेहरा आधारकार्डावरच्यासारखा करतो आणि म्हणतो, ‘आमचाबी एक काढा की!’ झाली तुमची स्ट्रीट फोटोग्राफी. शेजारी एकजण मोबाइल उभा धरून उसाच्या ट्रॉलीचं साग्रसंगीत शूटिंग करतोय. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

तरीही हौस असेल तर कॅमेरा जरूर घ्या. फक्त फोकसला मदत करणारा तो छोटा दिवा आधी बंद करा. अंधारात पहिली चुगली तोच करतो.