पर्थ : एक खेडेगाव

(स्थळ : पुण्यातलं एका व्हिसा सल्लागाराचं ऑफिस.)

काका : मुलगा सिव्हिल इंजिनियर. ऑस्ट्रेलियाला पाठवायचाय. सिडनी किंवा मेलबर्न.

सल्लागार : वय?

काका : मार्चमध्ये 33 पूर्ण. लग्नाचंही बघतोय.

सल्लागार : थांबवा ते! 33 झाली की व्हिसासाठीचे वयाचे 30 गुण 25 वर येतात. ब्रह्मचाऱ्याचे 10 तरी हातचे सोडू नका.

काका : लग्न न केल्याचे 10?

सल्लागार : केलं तरी 10 मिळतात. पण मुलगी 45 च्या आतली, यादीतल्या व्यवसायातली, कौशल्याची तपासणी झालेली आणि इंग्रजीत पास हवी. नुसतं इंग्रजी असेल तर 5.

काका : गुरुजींनी 36 पैकी 28 जुळवलेत हो.

सल्लागार : इथं किमान 65 लागतात, तेही नुसतं रांगेत उभं राहायला. मराठी येतं ना त्याला? दुभाष्यांच्या ‘नाटी’ संस्थेची परीक्षा पास झाला की मराठीचे 5.

काका : त्याच विषयात काठावर पास झालेला!

सल्लागार : मग 491 व्हिसा. तिथल्या एखाद्या राज्यानं नाव सुचवलं की थेट 15 गुण. अट एकच, रीजनल भागात राहायचं आणि तिथंच काम करायचं.

काका : खेड्यात? अहो, नांदेडला बदली झाली म्हणून त्यानं नोकरी सोडली!

सल्लागार : पर्थ चालेल?

काका : पर्थ खेडं आहे?

सल्लागार : 2019 पासून सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून सगळा देश रीजनल. ॲडलेड, होबार्ट, कॅनबेरासुद्धा.

काका : राजधानीसुद्धा?

सल्लागार : राजधानीसुद्धा.

काका : पण त्याची मावसबहीण सिडनीत असते.

सल्लागार : दिवाळीला जाऊन येऊ दे. मुक्काम हलवायचा नाही. व्हिसा 5 वर्षांचा. त्यातली 3 काढायची, कराचे कागद जपायचे, मग 191. तो कायमचा. त्यानंतर खुशाल सिडनी.

काका : म्हणजे जिच्याशी पत्रिका जुळलीय, त्या मुलीला ‘नाही’च कळवतो. तसंही आमच्या हिला ते स्थळ फारसं पसंत नव्हतं. नर्स आहे ना, रात्रपाळ्या असतात.

सल्लागार : नर्स? शिक्षण?

काका : बीएस्सी नर्सिंग. 27 वर्षांची आहे.

सल्लागार : (कोरा फॉर्म पुढे ओढत) काका, लग्न उरका. अर्ज तिच्या नावानं करू, मुलाचे 10 गुण तिच्या खात्यात धरू.

काका : आणि मुलगा?

सल्लागार : जोडीदार म्हणून जाईल. फक्त मुलीकडच्यांना आधी विचारून घ्या, त्यांना तो पसंत आहे का.